कॅथलॅबमधला थ्रीडी सीटी: इस्टिमेटवर सही करण्याआधी दहिसरकरांसाठी हिशेब

यकृतातल्या गाठीत नळीवाटे औषध सोडायचं आहे. किंवा फायब्रॉइडचा रक्तपुरवठा बंद करायचा आहे, फुप्फुसातल्या बारीक ठिपक्याचा तुकडा सुईने काढायचा आहे, दबलेल्या मणक्यात सिमेंट भरायचं आहे. डॉक्टर म्हणाले, चिरफाड नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. मग बिलिंगच्या खिडकीतून इस्टिमेट हातात आलं आणि त्यातल्या एका ओळीवर तुम्ही अडलात: 'कोन बीम सीटी', 'डायनासीटी', 'एक्सपरसीटी', 'थ्रीडी स्पिन' किंवा 'रोटेशनल रन'. पुढे रक्कम. सीटी तर गेल्याच आठवड्यात काढला, मग हा कुठला?

हा त्या आधीच्या सीटीचा पुन्हा काढलेला प्रकार नाही. प्रोसिजर चालू असताना, तुम्ही कॅथलॅबच्या टेबलावर झोपलेले असताना, तिथलंच एक्स-रे यंत्र तुमच्याभोवती साधारण २०० अंशांत फिरतं. फिरायला ५ ते १० सेकंद, काही यंत्रांना थोडं जास्त. तेवढ्यात शेकडो चित्रं निघतात आणि संगणक त्यांची त्रिमितीय प्रतिमा तयार करतो. नळी नेमक्या रक्तवाहिनीत गेली का, सुईचं टोक गाठीत आहे की शेजारी, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे दिसतं. वरची सगळी नावं एकाच गोष्टीची आहेत. डायनासीटी हे सीमेन्सचं नाव, एक्सपरसीटी फिलिप्सचं. इस्टिमेटमध्ये 'कोन बीम' आणि 'डायनासीटी' अशा दोन ओळी दिसल्या, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे लागलेत का, हे तिथेच विचारा.

फोनवर 'सीबीसीटी, दहिसर' असं शोधून दर काढू नका. जे दर सापडतील ते दातांच्या दवाखान्यांचे असतील. जबड्याचा कोन बीम सीटी छोट्या यंत्रावर, उभ्या उभ्या, मिनिटभरात होतो आणि तुलनेने स्वस्त असतो. त्याची रक्कम दाखवून कॅथलॅबच्या खिडकीवर घासाघीस केलीत तर बिलिंगवाला फक्त हसेल.

लागतो कधी, लागत नाही कधी

यकृतात औषध सोडताना (टेस), प्रोस्टेटच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करताना, मेंदूतल्या फुग्यात कॉइल भरताना, मणक्यात किंवा फुप्फुसात खोल सुई घालताना याचा खरा उपयोग आहे. वाहिन्या केसासारख्या बारीक असतात, सपाट चित्रात एकमेकींवर चढलेल्या दिसतात, आणि चुकीच्या वाहिनीत औषध गेलं तर नुकसान आतड्याचं किंवा पित्ताशयाचं होतं.

मानेतली वरवरची गाठ, थायरॉइडची सुई, सोनोग्राफीत स्वच्छ दिसणारी यकृताची बायोप्सी, पोटातलं पाणी किंवा पू काढायची नळी, हातातली पिक लाइन: ही कामं बहुतेक वेळा सोनोग्राफीवर होतात आणि तीच पद्धत स्वस्त, शिवाय किरणोत्साराशिवाय. अशा कामासाठी इस्टिमेटमध्ये थ्रीडी सीटी दिसला तर कारण विचारा. कारण असूही शकतं: पूर्वीची शस्त्रक्रिया, जाड शरीर, गाठीवर आलेलं आतडं. पण ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

उलट चूकही होते. पैसे वाचवायला 'तो थ्रीडी नको' असं बिलिंगच्या खिडकीवर परस्पर सांगू नका. तो करायचा की नाही हे टेबलावर ठरतं, आणि जिथे तो खरंच लागतो तिथे तो तुमच्याच संरक्षणाचा आहे. कमी करण्यासारखे पैसे दुसरीकडे आहेत, ते पुढे बघू.

दहिसरहून कुठे जाल

'आमच्याकडे कॅथलॅब आहे' या वाक्यावर थांबू नका. बोरिवली, कांदिवली, मीरा रोडला कॅथलॅब असलेली रुग्णालयं आहेत, पण कॅथलॅब म्हटली की ती बहुधा हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी बसवलेली असते. हृदयाच्या यंत्राचा डिटेक्टर साधारण २० बाय २० सेंटिमीटरचा असतो. त्यात यकृत किंवा ओटीपोट पूर्ण मावत नाही. पोटाच्या कामाला ३० बाय ४० सेंटिमीटरचा मोठा डिटेक्टर लागतो. म्हणून फोनवर तीन प्रश्न विचारा: पूर्णवेळ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (चित्र बघत नळी-सुईने उपचार करणारे डॉक्टर) आहेत की बाहेरून येतात? यंत्रावर कोन बीम सीटी चालू आहे का? डिटेक्टर मोठा आहे का? रिसेप्शनला तिसरं माहीत नसणारच. कॅथलॅब टेक्निशियनला जोडून द्यायला सांगा.

बाहेरून येणारे डॉक्टर वाईट असतात असं नाही, अनेक चांगले डॉक्टर चार ठिकाणी जातात. पण मग त्यांची फी इस्टिमेटच्या बाहेर, वेगळ्या पावतीवर किंवा पावतीशिवाय मागितली जाऊ शकते. आधीच विचारा.

सरकारी आणि महापालिकेच्या वाटेने जायचं तर परळ गाठावं लागतं. केईएम आणि टाटा मेमोरियल दोन्ही तिथे शेजारी शेजारी, आणि दोन्हीकडे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं काम चालतं. दहिसरहून स्लो लोकलने बोरिवली, तिथून फास्टने दादर, पुढे परळ; किंवा स्लोनेच प्रभादेवीला उतरून पूल ओलांडा. केसपेपर सकाळी निघतो. साडेदहाच्या पुढे पोचलात तर तो दिवस गेला असं धरून चाला. थेट परळला जाण्यापेक्षा आधी भगवती किंवा कांदिवलीच्या शताब्दीतून रेफरलची चिठ्ठी घ्या, रक्ताच्या साध्या तपासण्या तिथेच उरका. एक फेरी वाचते.

रुग्ण कॅन्सरचा असेल तर त्याला लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो. रुग्णालयाचं पत्र जवळ ठेवा, डब्यात वाद होतात.

खासगीत जाणार असाल तर अंधेरी, विलेपार्ल्यापर्यंतची मोठी रुग्णालयं मेट्रोच्या टप्प्यात येतात. दहिसर पूर्वेहून दोन्ही मार्ग सुटतात: २अ अंधेरी पश्चिमेकडे, ७ गुंदवलीकडे. पश्चिमेला राहत असाल तर कांदरपाडा जवळ. मीरा रोडच्या बाजूला जायचं तर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही. टोल गेला, कोंडी तिथेच आहे. सकाळी ७ ची भरती असेल तर सहालाच निघा.

परतताना मात्र लोकल नको. मांडीतून नळी घातली असेल तर त्या दिवशी जिने, गर्दी आणि रिक्षातले खड्डे तिन्ही टाळायचे. मोटारीचे पैसे खर्चात धरा.

पैसे नेमके कुठे जातात

खासगी रुग्णालयांचे ढोबळ आकडे असे: सीटी किंवा सोनोग्राफीच्या मदतीने सुईची बायोप्सी १० ते ३० हजार, पॅथॉलॉजी वेगळी. मणक्याच्या एका पातळीवर सिमेंट ७० हजार ते दीड लाख. यकृताची टेस किंवा फायब्रॉइडचं एम्बोलायझेशन (रक्तपुरवठा बंद करणं) सव्वा ते तीन लाख. हे आकडे फक्त तुमचं इस्टिमेट कुठल्या टोकाला आहे ते कळावं म्हणून. थ्रीडी सीटीची ओळ या सगळ्यात सर्वांत कमी स्थिर आहे: कुठे ती कॅथलॅबच्या पॅकेजमध्ये धरलेली, म्हणजे शून्य, कुठे त्याच रुग्णालयाच्या कॉन्ट्रास्ट सीटीएवढी, कुठे त्याच्या वर. मोजमाप सोपं ठेवा. त्याच रुग्णालयाचा पोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटीचा दर विचारा. थ्रीडी स्पिनची रक्कम त्याहून जास्त असेल तर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि 'प्रत्येक स्पिनला' की 'पूर्ण प्रोसिजरला एकदा', हे लिहून घ्या. एका टेसमध्ये दोन-तीन स्पिन सहज होतात. दर स्पिनमागे आकारणी असेल तर बिल तिथेच फुगतं.

पण खरी रक्कम त्या ओळीत नसते. ती साहित्यात असते. शीथ, वायर, कॅथेटर, मायक्रोकॅथेटर, वाहिनी बंद करणारे कण, कॉइल, शेवटी मांडीचं भोक बंद करायचं क्लोजर डिव्हाइस. इस्टिमेटमध्ये हे सगळं 'कन्झ्युमेबल्स, प्रत्यक्ष वापरानुसार' अशा एका ओळीत कोंबलेलं असतं. ती ओळ फोडून मागा. नग किती, प्रत्येकी दर किती, कंपनी कोणती. कॉइल नगावर असतात: इस्टिमेटमध्ये २, बिलात ६, असं होऊ शकतं, आणि कधी कधी ते खरोखर गरजेचंही असतं. म्हणून आधीच सांगून ठेवा की ठरल्यापेक्षा जास्त नग लागले तर कॅथलॅबबाहेर बसलेल्या नातेवाइकाला सांगावं, आणि तो नातेवाईक जागेवर ठेवा. चहाला गेलेला असला की 'विचारलं होतं, कुणी नव्हतं' हे उत्तर तयार असतं.

नवं पाकीट उघडलं की त्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवायची पद्धत आहे. डिस्चार्जच्या वेळी स्टिकर मोजा आणि बिलातले नग मोजा. आकडे जुळले पाहिजेत. मायक्रोकॅथेटर एकदाच वापरायची वस्तू आहे. बिलात पूर्ण किंमत आणि केसपेपरवर स्टिकर नाही, असं दिसलं तर पैसे भरण्याआधी विचारा. भरल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला कुणी घाईने उत्तर देत नाही.

एमआरपीपेक्षा जास्त लावता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट ही की एमआरपीच फुगवलेली असू शकते. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या व्याख्येत आली, त्यामुळे कंपनीला १२ महिन्यांत एमआरपी १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण मूळ एमआरपी किती असावी यावर हृदयाच्या स्टेंटसारखी मर्यादा कॉइल आणि मायक्रोकॅथेटरवर नाही. घासाघिशीला जागा आहे ती इथेच. दोन रुग्णालयांत एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या मायक्रोकॅथेटरचा दर विचारून बघा.

क्लोजर डिव्हाइस नेहमी लागतंच असं नाही. १५-२० मिनिटं हाताने दाबून धरलं आणि पाय सरळ ठेवून ४ ते ६ तास झोपलात तरी बहुतेकांचं काम होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पाठदुखीमुळे उताणं झोपता येत नसेल तर ते घ्या. नुसतं लवकर उठता यावं म्हणून असेल तर तो खर्च तुमच्या मर्जीचा. काही डॉक्टर मनगटातून नळी घालतात, मग हा प्रश्नच येत नाही.

पैसे जातात ती दुसरी जागा भूल. स्पिनच्या वेळी श्वास रोखून निश्चल राहावं लागतं. हललात तर चित्र फाटतं आणि स्पिन पुन्हा. बहुतेक कामं सुन्न करणारं इंजेक्शन आणि थोडं गुंगीचं औषध यावर होतात. पूर्ण भूल लागणार असेल तर भूलतज्ज्ञांची फी, भुलीआधीची तपासणी आणि रिकव्हरीचे तास असा खर्च वाढतो. कुठली भूल, हे इस्टिमेटवर लिहिलेलं असलं पाहिजे. आणि घरी दोन दिवस श्वास रोखायचा सराव करा: सांगितल्यावर अर्धा श्वास सोडून १० सेकंद स्थिर. फुकट आहे, आणि एखादा स्पिन वाचवतो.

सगळ्यात महाग सापळा खोलीचा. मुंबईच्या अनेक खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की डॉक्टरांची फी, कॅथलॅबचा दर, भुलीचा दर, सगळंच वर सरकतं. यंत्र तेच, डॉक्टर तेच, स्पिन तोच. एका रात्रीसाठी सिंगल रूम घेतलीत तर फरक फक्त खोलीभाड्याचा नसतो. दिवसाला ५,००० रुपयांहून जास्त भाडं असेल तर आयसीयू सोडून इतर खोल्यांवर ५ टक्के जीएसटीही लागतो, १८ जुलै २०२२ पासून. 'ट्विन रिकामी नाही, तात्पुरतं सिंगलमध्ये घ्या' असं सांगितलं तर दर ट्विनचाच लागेल हे भरतीच्या कागदावर लिहून घ्या. रात्रीचा आणि रविवारचा इमर्जन्सी अधिभारही असतो. तब्येत थांबू शकत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर सोमवार घ्या.

बायोप्सी असेल तर पॅथॉलॉजीचा हिशेब वेगळा. तुकडा तपासायचे पैसे एकदा, मग कॅन्सर निघाल्यास मार्करचे पैसे, आणि ते प्रत्येक मार्करमागे. तुकड्यापासून बनवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागा, ताब्यात घ्या. पुढे टाटाला गेलात तर तिथे ते मागतातच. ब्लॉक नसले तर सुई पुन्हा.

मेडिक्लेम: काय मिळतं, काय अडतं

विमा नियामकाने २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी केली. त्यात गर्भाशयाच्या धमनीचं एम्बोलायझेशन आहे. म्हणजे 'हे ऑपरेशन नाही, म्हणून क्लेम नाही' असं फायब्रॉइडच्या रुग्णाला सांगता येत नाही. कंपनीला त्यावर रकमेची मर्यादा घालता येते. ती किती, पॉलिसीत शोधा.

नुसत्या बायोप्सीचा क्लेम मात्र अडतो. फक्त तपासणीसाठी भरती असेल तर ती वगळण्याचं कलम जवळपास प्रत्येक पॉलिसीत आहे. शॉर्टकट म्हणून काही जण 'ताप आणि अशक्तपणा' लिहून भरती दाखवायचा सल्ला देतात. करू नका. उद्या कॅन्सरचा मोठा क्लेम येईल तेव्हा कंपनी हीच फाईल काढेल. सरळ मार्ग आहे: बायोप्सीनंतर त्याच आजारासाठी भरती झालात तर भरतीपूर्व खर्चात ती बसते, पॉलिसीनुसार ३० किंवा ६० दिवसांपर्यंतची. मूळ पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

खोलीभाड्याची मर्यादा ओलांडलीत की कंपनी बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापते. पण औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि निदान तपासण्या या कपातीत धरायच्या नाहीत, असं नियामकाचं २०२० पासूनचं सांगणं आहे. एम्बोलायझेशनच्या बिलात साहित्यच निम्मं असू शकतं, त्यामुळे हा मुद्दा हजारो रुपयांचा आहे. बिलात थ्रीडी सीटी स्वतंत्र आकारला असेल तर तो इमेजिंगच्या नावानेच दाखवायला सांगा. 'ओटी चार्जेस'मध्ये मिसळला की त्यालाही कात्री लागते. साहित्याच्या यादीवर 'विविध' किंवा 'किट' असे मोघम शब्द चालवून घेऊ नका, टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) तेच आधी खोडतो.

कॅशलेससाठी ठरवून भरती असेल तर रुग्णालय कंपनीच्या यादीत नसलं तरी ४८ तास आधी कळवून विनंती करता येते. २०२४ पासूनच्या नियमांनुसार कॅशलेसचं उत्तर एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. तीन तासांवर गेल्यामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. डिस्चार्जची फाईल टीपीएकडे किती वाजता गेली, ती वेळ मोबाइलवर टिपून ठेवा.

पैसे नसतील तर कोणाला भेटायचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या रेशन कार्डापर्यंत वाढली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यामुळे 'आमचं केशरी नाही' म्हणून मागे फिरू नका. कागद: रेशन कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट. भेटायचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीला, भरती होण्याआधी. पैसे भरून झाल्यावर योजना सुचली तर उपयोग नाही. रुग्णालय योजनेत असलं तरी तुमचा उपचार त्या रुग्णालयाला मंजूर आहे का, हे वेगळं विचारा. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. घरात ७० वर्षांवरचं माणूस असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. आधार पुरतं, हेल्पलाइन १४५५५. या योजनांत उपचार मंजूर झाल्यावर 'थ्रीडीचे वेगळे द्या' अशी मागणी झाली तर पैसे देण्याआधी हेल्पलाइनला फोन करा.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आणि कॅथलॅबचा खर्च नाममात्र असतो, पण मायक्रोकॅथेटर किंवा कॉइलसाठी बाहेरची चिठ्ठी मिळू शकते. ती घेऊन थेट दुकानात जाऊ नका. आधी वैद्यकीय समाजसेवकाची खोली शोधा. तिथे पुअर बॉक्स निधी आणि ट्रस्टना द्यायची पत्रं या दोन्ही वाटा खुल्या होतात. सिद्धिविनायक मंदिर न्यासही रुग्णांना मदत देतो. टाटामध्ये नोंदणीच्या वेळीच सर्वसाधारण की खासगी अशी वर्गवारी विचारतात. रांग टाळायला घाईने खासगी लिहिलंत तर नंतर बदलणं जिकिरीचं असतं आणि प्रत्येक तपासणीचा दर त्यावर ठरतो.

मोठी खासगी रुग्णालयं बऱ्याचदा ट्रस्टची असतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकाला ३ लाख ६० हजार. दुर्बल घटकाला साहित्य आणि औषधांच्या खरेदी किमतीची निम्मी तरी रक्कम भरावी लागते, ती आधी विचारून ठेवा. लागणारे कागद: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार. दहिसर बोरिवली तालुक्यात येतं, दाखला 'आपले सरकार'वरून किंवा सेतू केंद्रातून निघतो. हातात आजार असताना १५ दिवस थांबणं कठीण, म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आधीच अर्ज टाका. हजार-दोन हजार घेऊन 'उद्या देतो' म्हणणाऱ्या एजंटचा दाखला पुढे खोटा निघाला तर खाट जाते आणि गुन्हा तुमच्यावर.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी उत्पन्नाची अट १ लाख ६० हजार. अर्ज उपचार चालू असतानाच, बिल भरून झाल्यावर परतावा नाही. रुग्णालय त्या निधीच्या यादीत हवं.

फाईलमध्ये काय ठेवायचं

आधीच्या सीटी किंवा एमआरआयची सीडी, नुसता कागदी रिपोर्ट नको. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट चित्रं बघून वाट ठरवतात. सीडी नसल्यामुळे सीटी पुन्हा काढावा लागणं हा सहज टाळता येणारा खर्च आहे. नुकत्याच केलेल्या रक्ततपासण्या: सीबीसी, पीटी-आयएनआर, क्रिएटिनिन, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी. ईसीजी, हृदयाचा त्रास असेल तर टूडी इको. भरतीच्या रुग्णालयात हेच सगळं पुन्हा करायला सांगतील. किती दिवसांपूर्वीचे रिपोर्ट चालतात आणि बाहेरच्या लॅबचे चालतात का, हे ओपीडीतच विचारा.

औषधांची यादी मोठ्या अक्षरांत. रक्त पातळ करणारी गोळी कोणती, कधीपासून, हे सर्वांत वर. स्टेंट बसवलेला असेल तर ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी घ्या. मेटफॉर्मिन घेत असाल आणि किडनी कमजोर असेल तर कॉन्ट्रास्टनंतर ४८ तास ती थांबवायला सांगतात. पूर्वी सीटीच्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील तर सांगा. गरोदरपणाची शंका असेल तर प्रोसिजरची तारीख घेतानाच सांगा, कॅथलॅबच्या दारात नाही. घन पदार्थ ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

वेळेचा अंदाज: स्पिन काही सेकंदांचा, त्याची मांडणी धरून १० मिनिटं, पूर्ण प्रोसिजर १ ते ३ तास. बायोप्सीनंतर ४ ते ६ तास देखरेख आणि त्याच दिवशी घरी. टेस किंवा फायब्रॉइड एक-दोन रात्री. संमतीपत्र मराठीत मागा. मिळत नसेल तर मराठीत समजावून सांगितल्याची नोंद करून मगच सही करा.

बिलात गडबड वाटली तर

राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्ण हक्क सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावावे लागतात, तपशीलवार बिल द्यावं लागतं. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. विम्याचा वाद कंपनीच्या तक्रार विभागात सुटला नाही तर विमा लोकपाल, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, फी नाही, वकील नको. ग्राहक हेल्पलाइन १९१५. उपनगर जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे, आणि तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

'अमुकच सेंटरला जा, माझं नाव सांगा' असा आग्रह कुणी डॉक्टर करत असतील तर नाव न सांगता फोन करून तोच दर विचारा. फरक ऐकून घ्या. वैद्यक परिषदेच्या नियमांत कमिशनला बंदी आहे, तरी 'कट प्रॅक्टिस' मुंबईत कुणाला नवी नाही.

घरी निघताना डिस्चार्ज समरीत कोणत्या वाहिनीत काय सोडलं, कुठल्या कंपनीच्या किती कॉइल आत आहेत, हे लिहिलं आहे का बघा. पुढे एमआरआयच्या वेळी प्रत्येक केंद्र हे विचारतं. सोबत थ्रीडी स्पिनसह सगळ्या चित्रांची डायकॉम सीडी घ्या. वेगळे पैसे मागतील तर ते इस्टिमेटमध्ये होते का ते तपासा. नळी घातलेल्या जागी सूज वाढू लागली, पाय गार पडला किंवा ताप चढला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो कागदावर लिहून घ्या. स्विचबोर्डचा नको, वॉर्डचा किंवा कॅथलॅबच्या डॉक्टरांचा. आणि सीडी खिडकीवरच कुणाच्या तरी संगणकात लावून बघा. रिकामी निघाली तर दुसरी तिथेच मिळते, दहिसरहून पुन्हा फेरी मारावी लागत नाही.